स्लॅशर सिनेमांचे सिक्वेल कशामुळे चालतात आणि कशामुळे आपटतात?

प्रश्नाच्या खाली तुम्ही असंही लिहिलंय की पहिल्यापेक्षा जास्त खून आणि जास्त रक्त दाखवलं की दुसरा भाग चालतो, एवढंच सूत्र आहे का. ते वाचलं आणि मला राहवलं नाही. हेच वाक्य मी तीस वर्षं माझ्या चुलत भावाच्या तोंडून ऐकतोय, आणि ह्याच वाक्यापायी १९९३ च्या गणपतीत मी अख्ख्या वाडीसमोर खोटा पडलोय. एक खुनी एकेकाला गाठून मारत जातो तो स्लॅशर सिनेमा, आणि नाही, त्याच्या पुढच्या भागांचं हे सूत्र नाही. ज्यांना असं वाटतं त्यांनी लोकांच्यात बसून कधी सिनेमा बघितलेला नाही.

मी मालवण तालुक्यातला. तेव्हा आमच्या वाडीत गणपतीचे पाच दिवस म्हणजे भजनं, फुगड्या आणि एक रात्र व्हिडिओ. कलर टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचा, रिक्षात मांडीवर घेऊन, वर गोणपाट आणि प्लास्टिक, कारण पाऊस काय थांबत नाही. कॅसेटी दादा आणायचा मुंबईहून, म्हणजे माझा हाच चुलत भाऊ, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. आमच्याकडच्या दमट हवेत कॅसेटीच्या रिळाच्या कडेला पांढरी बुरशी धरते, ती तशीच लावली तर व्हीसीआरच्या हेडला चिकटते आणि मग पुढची प्रत्येक कॅसेट बर्फ पडल्यासारखी दिसते. म्हणून कॅसेट आली की मी आधी खिडकीतून बॅटरी मारून बघायचो आणि मग आईच्या तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचो. माझं दुसरं काम म्हणजे माइक. सिनेमा इंग्रजी, खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बसलेल्या साठ-सत्तर माणसांतल्या निम्म्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून मी टीव्हीच्या बाजूला स्टुलावर बसून मालवणीत सांगत जायचो कोण काय बोललं, कोण कुठे लपलंय. मला ते काम फार आवडायचं आणि मी ते मन लावून करायचो.

१९९२ ला दादाने 'फ्रायडे द थर्टीन्थ'चा चौथा भाग आणला. तो १९८४ चा. हॉकीचा मुखवटा घातलेला खुनी जेसन, तळ्याकाठचं रान, आणि शेवटी टॉमी नावाचा बारका पोरगा स्वतःचं डोकं भादरून लहानपणच्या जेसनसारखा दिसायला लागतो, जेसन क्षणभर थबकतो आणि तिथेच त्याचा निकाल लागतो. आमचं खळं एकदम गप्प झालेलं. भजनाला मागे बसून डुलक्या काढणाऱ्या म्हाताऱ्या जाग्या. त्यानंतर वर्षभर आमच्या वाडीत पोरांना झोपवायला आया 'झोप, नायतर जेसन येतलो' म्हणायच्या. तळं, कॅम्प, अमेरिका ह्यांच्याशी काही संबंध नसलेल्या बायका. एका रात्रीत तो आमचा झाला होता हे मी डोळ्यांनी बघितलंय.

मग १९९३. दादाने पाचवा भाग आणला. कव्हर नाही, नुसत्या स्टिकरवर पेनाने '१३, ५'. दुपारी लावून बघितला, जेसन थडग्यातून उठतो एवढं दिसलं आणि लाईट गेली ती रात्री आठला आली. मला तेवढं पुरे होतं. मी पुठ्ठ्यावर रंगाने मोठ्या अक्षरात लिहिलं, 'जेसन परत येत आहे', आणि देवळाकडच्या वडाला लावला. तिकीट दोनाचं तीन रुपये केलं. शेजारच्या वाडीतूनसुद्धा माणसं आली, खळ्यात जागा पुरेना म्हणून पडवीत बसवली.

सुरुवातीचं ते थडग्यातून उठणं म्हणजे टॉमीचं स्वप्न निघालं. ठीक आहे, स्वप्न तर स्वप्न, मी माइकवर सांगितलं. पुढे खून सुरू झाले, एकामागून एक, मी प्रत्येक वेळी 'इलो, जेसन इलो' करतोय. अर्धा पाऊण सिनेमा झाला आणि पुढे बसलेली माझी आतेबहीण, नऊ-दहा वर्षांची असेल, मला म्हणाली, "दादा, हेच्या मुखवट्यार निळे खुणे कशे? गेल्या वर्साक लाल होते मा?" मी बघितलं. खरंच निळ्या. मी दादाकडे बघितलं तर तो म्हणाला कॅसेट कॉपीची कॉपी आहे, रंग उडालाय, तू बोलत राहा. मी बोलत राहिलो.

शेवटी तो गोठ्यासारख्या कोठारात माळ्यावरून खाली शेतीच्या अवजाराच्या सुळ्यांवर पडतो, मुखवटा निघतो, आणि आत जेसन नाहीच. रॉय नावाचा अँब्युलन्सवरचा माणूस, त्याच्या पोराचा खून झाला म्हणून त्याने जेसनचं सोंग घेतलेलं. त्या पोरीला जे दिसलं ते बरोबर होतं, तो मुखवटाच वेगळा होता.

मला माइकवर काय बोलावं सुचेना. मागून एक काकी ओरडल्या, "अरे मेल्या, ह्यो जेसन खय? ह्यो तर दुसरोच कोण!" मग सगळेच. पैसे परत द्या. दादा उभा राहून सगळ्यांना समजावतोय की अहो, गेल्या वर्षीपेक्षा ह्यात मुडदे जास्त पडलेत, तुम्हाला आणखी काय पाहिजे. आणि हिशोबाने तो बरोबर होता, चौथ्यापेक्षा पाचव्यात खून जास्तच आहेत. पण कोणी खून मोजायला आलं नव्हतं. ती माणसं जेसनला भेटायला आली होती आणि तो येणार असं पुठ्ठ्यावर मी माझ्या हाताने लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मला घरोघर पाठवलं, तीन-तीन रुपये परत करायला. आमच्या वाडीत एक आबा होते, तरुणपणी दशावतारात संकासूर ह्या राक्षसाचं सोंग करायचे. पडवीत सुंभ वळत बसलेले. पैसे घेतले, कनवटीला लावले आणि म्हणाले, "आमच्या संकासुराक दरवर्सा विष्णू मारता. लोकांका म्हायत असता तो मरतलो. तरी पुढच्या जत्रेक तेकाच बघूक येतत. मी सोडल्यार दुसऱ्यान सोंग घेतल्यान, कोणी काय म्हणूक नाय. पण संकासूर सांगून दुसराच सोंग आणलास तर लोक कशे गप रवतले?"

स्लॅशर सिक्वेलबद्दल ह्यापेक्षा नेमकं मी नंतर कुठे वाचलेलं नाही. ज्यांनी जत्रेत रात्रभर जागून दशावतार बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको. काळा पोशाख, काळा बुरखा, तो येणार, वेद चोरणार, ब्रह्मदेवाशी मालवणीत हुज्जत घालणार, विष्णूच्या हातून मरणार. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. तरी तो आला की पोरं आईच्या पदरात घुसतात आणि एका डोळ्याने बघत राहतात. स्लॅशरचा दुसरा भाग हेच आहे. मरण ठरलेलं, परत येणं ठरलेलं, येतो कसा आणि कोणाला गाठतो एवढंच नवीन. त्यातलं ठरलेलं काढून घेतलंत की लोक चिडणारच, आणि त्यांचं चिडणं योग्य आहे.

हे फक्त आमच्या खळ्यापुरतं नाही. 'हॅलोवीन' घ्या. १९७८ चा पहिला जॉन कार्पेंटरने तीन-सव्वातीन लाख डॉलरमध्ये केला, त्यातल्या खुन्याचा, मायकेल मायर्सचा, तो मुखवटा म्हणजे 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा दुकानात मिळणारा मुखवटा, पांढरा रंगवलेला. अमेरिकेत साडेचार कोटी डॉलरच्या वर गेला. १९८१ च्या दुसऱ्याने अडीच कोटी आणले. मग १९८२ ला तिसरा आला, त्यात मायकेल नाहीच. बनवणाऱ्यांचा विचार होता की दरवर्षी हॅलोवीनच्या नावाखाली नवी गोष्ट सांगायची. विचार वाईट नाही आणि तो सिनेमाही वाईट नाही, मुखवटे विकणारी कंपनी आणि तिची ती डोक्यात बसणारी जाहिरात अजून अंगावर येते. पण लोक मायकेलला बघायला गेले आणि त्यांना तो दिसला कुठे, तर सिनेमातल्या टीव्हीवर पहिल्या भागाची जाहिरात लागते त्यात. कमाई दीड कोटीच्या आत. १९८८ ला चौथा काढला तेव्हा नावातच लिहिलं, मायकेल मायर्सचं पुनरागमन. माझ्या पुठ्ठ्यासारखंच, फक्त त्यांनी शब्द पाळला.

दुसरी चूक म्हणजे खुन्याचा खुलासा करत बसणं. पहिल्या 'हॅलोवीन'मध्ये मायकेल लॉरी नावाच्या त्या पोरीच्याच मागे का लागतो ते कळत नाही, म्हणूनच तो कोणाच्याही मागे लागू शकतो, तुमच्यासुद्धा. दुसऱ्या भागात सांगितलं ती त्याची बहीण आहे. झालं, आता ज्यांना असला भाऊ नाही ते सुटले. १९९५ च्या सहाव्यापर्यंत त्याच्यामागे एक पंथ, शाप, अंगावरची खूण, काय काय चिकटवलं. २०१८ ला दिग्दर्शक डेव्हिड गॉर्डन ग्रीनने पहिला भाग सोडून बाकी सगळं पुसलं, बहीणबिहीण काही नाही म्हणून टाकलं, पहिल्यातल्याच जेमी ली कर्टिसला म्हातारी झालेली लॉरी म्हणून आणली, आणि एक कोटी डॉलरच्या आसपास खर्चाचा तो सिनेमा जगभरात पंचवीस कोटींच्या वर गेला. चाळीस वर्षांनी. त्यात पहिल्यापेक्षा खून जास्त आहेतच, पण लोक त्यासाठी गेले असं कोणी म्हणत असेल तर त्याने त्या बाईचा चेहरा बघितलेला नाही.

आणि मरणारी माणसं. दादाच्या सूत्रात मरणाऱ्याला नावच नसतं, तो फक्त आकडा. 'एल्म स्ट्रीट' मालिकेचा तिसरा भाग, १९८७ चा, बघा. मानसिक रुग्णालयात ठेवलेली सहा-सात पोरं, त्यांना स्वप्नात फ्रेडी नावाचा खुनी छळतो आणि मोठ्यांना वाटतं ही जीव द्यायला निघालीत. त्यातल्या वाचलेल्या पोरांना स्वप्नात आपली आपली ताकद मिळते. एक पोरगा बाहुल्या करतो, आणि फ्रेडी त्याच्या हातापायाच्या शिरा ओढून त्यालाच बाहुली करून चालवत रुग्णालयाच्या मनोऱ्यावर नेतो. आम्ही पिंगुळीच्या जवळचे, ठाकरांच्या कळसूत्री बाहुल्या लहानपणापासून बघितलेल्या, दोऱ्या कशा हलतात ते माहीत आहे, त्यामुळे तो एक खून मला आजही बघवत नाही. तो पोरगा कोण हे आधी दाखवलं म्हणून तो लागतो. मूळचे लेखक-दिग्दर्शक वेस क्रेव्हन ह्या भागाच्या पटकथेला परत आले होते आणि पहिल्यातली नायिका नॅन्सीही परत आली, हे योगायोगाने होत नाही. साडेचार कोटी डॉलर आले. चौथा त्याच्याही पुढे गेला. मग वर्षभरात घाईघाईने पाचवा, तो निम्म्यावर आला. दरवर्षी एक काढला की असं होतं, फ्रेडी फक्त विनोद मारायला उरला आणि पोरं फक्त मरायला.

आपल्याकडचंच बघायचं तर तात्या विंचू. 'झपाटलेला' १९९३ चा, म्हणजे माझ्या त्या गणपतीच्याच वर्षातला. दुसरा भाग २०१३ ला आला, थ्रीडीमध्ये, वीस वर्षांनी. लक्ष्या नाही, तो २००४ लाच गेला. मी कोल्हापूरला जाऊन बघितला. सिनेमा पहिल्याच्या जवळ जात नाही, स्पष्ट सांगतो, लक्ष्याची जागा भरून निघत नाही. पण बाहुला पडद्यावर आला, दिलीप प्रभावळकरांचा तो आवाज आला आणि माझ्या शेजारी बसलेल्या पोराने, जो पहिला आला तेव्हा जन्मलाही नव्हता, खुर्चीवर पाय वर घेतले. तात्या विंचू तोच होता म्हणून. ज्या अमेरिकन बाहुल्यावरून हे सुचलं त्या चकीचंही तेच, १९८८ पासून त्याचा लेखक डॉन मँचिनीने ती मालिका हातातून सोडली नाही, दोन-तीन भाग फसले तरी आवाज तोच, बाहुला तोच, म्हणून २०२१ ला त्याची टीव्ही मालिकासुद्धा चालली.

आता माझ्या गोष्टीचं राहिलेलं सांगतो. १९९४ ला मी हट्टाने सहावा भाग मागवला आणि ह्या वेळी तीनदा पूर्ण बघितला. त्यात टॉमी जेसनचं थडगं उकरतो, कुंपणाचा लोखंडी गज त्याच्या छातीत खुपसतो, त्याच गजावर वीज पडते आणि जेसन उठतो. शास्त्रबिस्त्र काही नाही, आणि कोणाला ते नकोच होतं. माझ्या मते पूर्ण मालिकेतला सगळ्यात नीट केलेला भाग तो. पण खळ्यात माणसं किती? पंचवीस. गेल्या वर्षीच्या निम्मीसुद्धा नाहीत. मी माइकवर सांगत होतो, ह्या खेपेक खरोच तो, आणि माझा आवाज कापत होता. आलेल्या पंचवीसांनी टाळ्या वाजवल्या. बाकीचे आपापल्या घरात होते.

नंतर कळलं की अमेरिकेतही हेच झालं होतं. चौथ्याने तिकडे तीन कोटींच्या वर कमावलं, पाचव्याने दोन कोटींच्या वर, आणि हा चांगला सहावा दोन कोटींनाही पोचला नाही. लोकांना फसवलं पाचव्याने आणि शिक्षा भोगली सहाव्याने. तुमच्या प्रश्नाला मी एवढं एकच उत्तर खात्रीने देऊ शकतो, की सिक्वेलची कमाई बघून तो सिक्वेल कसा होता हे कळत नाही, आधीचा कसा होता ते कळतं. पाचवा बघायला लोक गेले ते चौथ्याच्या जिवावर. दादा अजून पाचव्याचे आकडे दाखवतो की बघ, कमावले ना. कमावले, पण ते चौथ्याचे पैसे होते.

काही गोष्टी माझ्या विरुद्ध जातात, त्या लपवत नाही. 'स्क्रीम'मध्ये दर भागात खुनी बदलतो आणि तरी चालतो, १९९७ चा दुसरा भाग पहिल्यानंतर वर्षभरात आला आणि दोघांनीही अमेरिकेत दहा कोटींच्या वर कमावलं. पण तिथे आत कोण हाच खेळ आहे, पहिल्या मिनिटापासून सांगितलेला, मुखवटा तोच. आबा म्हणाले तसं सोंग तेच, घेणारा बदलला. २०२३ च्या सहाव्या 'स्क्रीम'मध्ये नायिका सिडनीही नाही आणि तरी तो जोरात चालला, त्यामुळे जुनी नायिका परत पाहिजेच असं मी म्हणणार नाही, जरी मला तसं वाटतं. दादाचा सगळ्यात मोठा मुद्दा असा की 'फ्रायडे'च्या पहिल्या भागात, १९८० च्या, खुनी जेसन नाहीच, त्याची आई आहे, मग दुसऱ्यात खुनी बदलला तेव्हा लोक का नाही ओरडले? कारण पहिल्यात सगळं चाललंय ते जेसनच्या नावाने, आणि शेवटी तळ्यातून तो पोरगा उसळून वर येतो. दुसऱ्याने तोच शब्द पाळला. हॉकीचा मुखवटा तर तिसऱ्यात आला, त्याआधी डोक्यावर पोतं होतं, तेही लोकांनी चालवून घेतलं. आणि 'एल्म स्ट्रीट'च्या दुसऱ्याने फ्रेडीला स्वप्नातून बाहेर काढून पार्टीत पोरांच्या मागे पळवलं, नियम मोडला, तरी त्याने पहिल्यापेक्षा जास्त कमावलं आणि तिसऱ्याने त्याच्याहून जास्त, म्हणजे मी वर सांगितलेली शिक्षा दर वेळी बसतेच असं नाही. हे मला मान्य आहे.

तुम्ही स्वतः काही लिहिणार किंवा बनवणार असाल तर, प्रश्नावरून तसं वाटलं, तुमचा खुनी कशाने ओळखला जातो ते आधी ठरवा आणि त्याला हात लावू नका. त्याचं बालपण सांगू नका. पोरांना मारण्याआधी त्यांना जेवताना, भांडताना दाखवा. त्याला परत आणायचं कारण कितीही वेडगळ असलं तरी चालेल, पण माणूस तोच आणा. आणि ट्रेलरमध्ये तो येतोय म्हणालात तर त्याला आणा.

मागच्या गणपतीत दादा पुन्हा सुरू झाला. २०२२ चा 'हॅलोवीन एंड्स' किती धाडसी म्हणून. शेवटचा भाग म्हणून सांगितलेला, मायकेल आणि लॉरीची अखेरची गाठ, आणि बहुतेक सिनेमा कोरी नावाच्या नव्या पोराचा, तोच मुखवटा घालून फिरतोय. मी त्याला एवढंच विचारलं की तू एकटाच बघितलास ना? हो म्हणाला, मोबाईलवर, ट्रेनमध्ये. दादा, हे उत्तर तुझ्यापर्यंत पोचेल हे मला माहीत आहे. त्या रात्री ती पोरगी निळ्या खुणा दाखवत होती तेव्हा तू मला बोलत राहा म्हणालास. मी तेव्हाच माइक खाली ठेवायला हवा होता. यंदा येशील तेव्हा ती पाचवी कॅसेट बघायची असेल तर अजून घरात आहे, आईने टाकू दिली नाही, व्हीसीआर मात्र नाही.